शांत बेट पाहिजे

मला साठ पूर्ण व्हायला आली तेव्हा घरात साठीशांत करायची टूम निघाली. यादी मेहुण्याने केली. 200 पानं, 3 गुरुजी, हॉल, सनईचौघडा (पेनड्राइव्हवरचा) आणि 'भाऊजींचा जीवनप्रवास' या विषयावर 20 मिनिटांची चित्रफीत. मी बँकेत 36 वर्षं दुसऱ्यांच्या सह्या जुळतात का ते पाहिलं. त्यात 20 मिनिटं काय दाखवणार होते, कोण जाणे. बायकोने यादी निमूट ऐकली. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि समोरच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचा ब्रेकर सुरू झाला, म्हणून ती थांबली. डोंबिवलीत आमच्या रस्त्यावर सध्या पाच इमारती पडतायत आणि दोन चढतायत. दोन वाक्यांच्या मध्ये ब्रेकर येणार हे धरूनच आम्ही बोलतो. तो थांबल्यावर ती म्हणाली, "साठीशांत नको. साठीला शांतता पाहिजे."

"म्हणजे लोणावळा?" मेहुण्याने विचारलं.

तिने फ्रिजकडे बोट केलं. फ्रिजवर एक चित्र चिकटवलेलं होतं. केमिस्टने दिलेल्या कुठल्याशा वर्षाच्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पान. पांढरीशुभ्र घरं, निळा घुमट, खाली निळा समुद्र. खालच्या तारखा कापल्या होत्या, तरी एका कडेला दुधाच्या खाड्यांच्या दोन फुल्या राहिल्या होत्या. हे चित्र इतकी वर्षं मी पाहत होतो, पण त्यात काय आहे ते मला दिसलं नव्हतं. त्यात काय नाही ते बायकोला दिसलं होतं. त्यात एकही माणूस नव्हता.

ते गाव ग्रीसमधलं, हे शोधायला पाच मिनिटं लागली. सँटोरिनी बेट, गाव ईआ. पुढच्या पाच मिनिटांत असंही कळलं की त्या घुमटाच्या समोर फोटो काढायला रांग असते, आणि चित्रात माणूस नाही याचं कारण फोटोग्राफर पहाटे उठला होता एवढंच. बेटाची वस्ती 15 हजारांच्या आसपास. क्रूझच्या बोटींतून दिवसाला येणाऱ्या माणसांवर 2025 पासून 8 हजारांची मर्यादा घातली आहे. मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी किती येत असतील ते समजून घ्यावं. भर हंगामात क्रूझच्या बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाकडून 20 युरो घेतात. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला त्याच गावात जमतात आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात. सूर्याने काही विशेष केलेलं नसतं.

शिवाय हे गाव ज्वालामुखीच्या कडेवर वसलेलं आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तो फुटला, बेटाचा मधला भाग समुद्रात गेला, उरलेल्या कडेवर ही पांढरी घरं आहेत. 2025 च्या फेब्रुवारीत धक्के बसायला लागले तेव्हा हजारो माणसं बेट सोडून गेली. "बघा, तेव्हा किती शांत असेल," मेहुणा म्हणाला. मेहुण्याला प्रत्येक गोष्टीत चांगलं दिसतं. जुन्या बंदरापासून वर बेटाच्या मुख्य गावात जायला साडेपाचशेहून जास्त पायऱ्या आहेत, त्या गाढवावर बसून चढता येतात, हेही त्यानेच शोधून काढलं. पुढचं मी वाचलं. 2018 साली सरकारने नियम केला की गाढवावर 100 किलोंच्या वर, किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त, ओझं घालायचं नाही. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी येतच नाहीये. मी फक्त मदत करतोय."

इथे एक सांगायला हवं. ही मदत आम्ही मागितली नव्हती. पण त्याला नाही म्हणणं आमच्या घरात कोणाला जमत नाही. ग्रीक लोक 28 ऑक्टोबरला 'नाही' म्हटल्याचा राष्ट्रीय सण पाळतात. 1940 साली मुसोलिनीने वाट मागितली, त्यांनी नाही म्हटलं, त्याची सुट्टी अजून मिळते. मी हे वाचलं तेव्हा मला त्या देशाबद्दल फार आदर वाटला.

तर बेट बदलायचं ठरलं. पण कोणतं घ्यायचं? ग्रीसला लहान-मोठी धरून 6 हजार बेटं आहेत. त्यांतल्या 227 बेटांवर माणसं राहतात. म्हणजे पावणेसहा हजारांहून जास्त बेटं अगदी निर्मनुष्य आहेत. शांतताच पाहिजे तर ती तिथे ढिगाने पडली आहे. फक्त जेवायला मिळत नाही. आणि जेवणाचा मुद्दा महत्त्वाचा होता, कारण शांतता म्हणजे काय यावर आम्हा दोघांचं एकमत नाही, हे या निमित्ताने 33 वर्षांनी उघड झालं. माझी शांतता म्हणजे मला कोणी काही विचारू नये. तिची शांतता म्हणजे 'आज काय करू' हे तिला कोणाला विचारावं लागू नये. माझ्या शांततेला एक आरामखुर्ची पुरते. तिच्या शांततेला बाहेर एक चांगली खानावळ लागते.

मेहुण्याची पहिली पसंती मिकोनोस. कारण 2003 च्या 'चलते चलते'चं चित्रीकरण ग्रीसला झालं होतं आणि त्यातल्या पवनचक्क्या त्याला आवडल्या होत्या. पवनचक्क्या खऱ्याच सुंदर आहेत. पण त्या बेटाची ख्याती सकाळपर्यंत चालणाऱ्या पार्ट्यांची आहे. डीजेसाठी तिकीट काढून कुठे जायचं असेल, तर आमच्या गल्लीतल्या मंडळावर तो अन्याय झाला असता. मिकोनोसला लागूनच डिलोस नावाचं बेट आहे, ते मला एकदम पटलं. अपोलोचं जन्मस्थान. इसवीसनापूर्वी 426 साली अथेन्सवाल्यांनी तिथल्या सगळ्या कबरी उकरून हलवल्या आणि फर्मान काढलं की या पवित्र बेटावर यापुढे कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. बारसं नाही, बारावं नाही. म्हणजे जेवणावळींची दोन मोठी कारणं मुळातच बंद. पण आज तिथे फक्त अवशेष आहेत, आणि रात्री मुक्काम करायला बंदी आहे.

इकारिया सुचवलं ते शेजारच्या काकांनी, वय 81. तिथली माणसं खूप जगतात, नव्वदी ओलांडलेले म्हातारे मळ्यात काम करतात, असं त्यांनी वाचलं होतं. ते खरंच आहे. दीर्घायुषी लोकांच्या प्रदेशांची जी यादी जगभर सांगितली जाते तिच्यात इकारिया आहे. पण तेच म्हातारे उन्हाळ्यात गावोगावच्या जत्रांमध्ये वाइन पिऊन पहाटेपर्यंत फेर धरून नाचतात, हेही त्याच लेखात होतं. काकांनी तेवढा भाग वगळला होता.

मग हायड्रा. अथेन्सजवळ, गाड्यांना बंदी, सामान खेचरावर. गायक लेनर्ड कोहेनने 1960 साली तिथे घर घेतलं होतं. मला हे बेट फार आवडलं. बायकोने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोटारी नाहीत, घोडे-खेचरं आहेत, लीद चुकवत चढ चढायचा, आणि शनिवार-रविवारी शहरातली गर्दी. हे माथेरान झालं ना? त्याला व्हिसा कशाला? नेरळला उतरू." हायड्रा तिथेच संपलं.

शेवटी बेट मिळालं ते म्युनिकच्या भाचीमुळे. तिचा फोन बायकोला आला, मला नव्हे, यावरूनच ती पोरगी किती हुशार आहे ते कळावं. "मामी, सिफनोस म्हणून एक बेट आहे. विमानतळ नाही. वस्ती जेमतेम अडीच-तीन हजार. आणि तिथले लोक शनिवारी संध्याकाळी मातीच्या भांड्यात छोले भरून भट्टीत ठेवतात, ते रात्रभर शिजतात आणि रविवारी चर्चमधून आल्यावर खातात."

"कांदा घालतात?" बायकोने विचारलं.

"घालतात."

"आणि?"

"ऑलिव्ह तेल, आणि तमालपत्रासारखं एक पान."

बायको थोडा वेळ गप्प होती. मग भाचीने हुकमाचं पान टाकलं. ग्रीकमध्ये पाककृतींच्या पुस्तकाला 'त्सेलेमेंतेस' म्हणतात. ते मुळात एका आचाऱ्याचं आडनाव, आणि ते घराणं सिफनोसचं. आपल्याकडे एखाद्या सुनेने 'रुचिरा आण' म्हणण्याऐवजी 'ओगले आण' म्हणावं, तसं. आमच्या घरची 'रुचिरा' कमलाबाई ओगल्यांनीही ओळखली नसती, इतके तिच्यावर हळदीचे आणि तेलाचे डाग आहेत. बायकोने ठरवलं, सिफनोस. चित्रातला निळा घुमट तिथेही आहे का, हे तिने विचारलंसुद्धा नाही. (आहे. तिथे वर्षाच्या दिवसांइतकी म्हणजे 365 देवळं आहेत असं तिथले लोक सांगतात. मोजून पाहिली नाहीत, पण कमी वाटली नाहीत.)

इथपर्यंत सगळं सोपं होतं. इथून पुढे मदत सुरू झाली.

मेहुण्याच्या ओळखीचा एक ट्रॅव्हल एजंट स्टेशनजवळ बसतो. त्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि नेमका ग्रीसवर एसीचा रिमोट टांगलेला आहे. "ग्रीस? सेव्हन नाइट्स एट डेज. अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी. जैन फूड मिळेल," तो एका दमात म्हणाला.

"आम्हाला एकच बेट पाहिजे. शांत."

"शांत म्हणजे बजेट कितीपर्यंत?"

हा प्रश्न तेव्हा मला उर्मट वाटला. आता वाटत नाही. सी-फेसिंग शांतता आणि मागच्या बाजूची शांतता यांच्या भावांत चांगला फरक असतो. सिफनोस हे नाव त्याने दोनदा विचारून लिहून घेतलं आणि "सायप्रसमध्ये येतं ना?" म्हणाला. मी नाही म्हटलं. "काही हरकत नाही," तो म्हणाला. हे त्याने मोठ्या मनाने चालवून घेतलं.

तारखांचा प्रश्न मेहुण्याने सोडवला. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गर्दी आणि उकाडा, शिवाय उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचा वारा सुटतो. तो जोरात असला की बंदरखातं बोटी थांबवतं. बोफोर्ट मापनात वारा 8 च्या वर गेला की साधारण बोटी बंद. मेहुण्याला हे 'बोफोर्स' ऐकू आलं आणि पुढचा अर्धा तास आम्ही 1987 सालच्या राजकारणावर बोललो. भानावर आल्यावर त्याने सप्टेंबर सुचवला. समुद्र कोमट, गर्दी ओसरलेली. "आणि मुख्य म्हणजे पितृपक्ष! पितृपक्षात कोणी बुकिंग करत नाही. भाव निम्म्यावर येणार." ग्रीक लोक पितृपक्ष पाळत नाहीत हे विमानाची तिकिटं पाहून कळलं. माझ्या आत्याला मात्र ते फोनवरूनच कळलं होतं. "पितर घरी यायचे दिवस आणि तुम्ही कुलूप लावून परदेशी?" मी म्हटलं, अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) गर्दी कधीच आवडली नाही, त्यांना तिथेच बरं वाटेल. आत्या यावर महिनाभर माझ्याशी बोलली नाही, म्हणजे शांततेचा पहिला हप्ता मला डोंबिवलीतच मिळाला.

व्हिसाचं सांगत बसत नाही. ज्यांनी केला त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही केला त्यांना खरं वाटणार नाही. शुल्क 90 युरो. व्हिसा मिळेल की नाही हे ठरायच्या आधी जायचं-यायचं तिकीट आणि प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवायचा. 30 हजार युरोंचा विमा, त्यात आजारपण तर आहेच, शिवाय गरज पडल्यास आपल्याला मायदेशी परत आणण्याचा खर्च, आपण कोणत्याही अवस्थेत असलो तरी. आत्याला हे कलम मी सांगितलं नाही. प्रवासाचं कारण लिहायच्या जागी मी प्रामाणिकपणे 'शांतता' लिहिलं होतं. एजंटने ते खोडून 'पर्यटन' केलं. "सर, शांतता लिहिलं की त्यांना संशय येतो." दोन हजार वर्षांपूर्वी यवन आपल्याकडे आले होते. कार्ल्याच्या चैत्यात त्यांनी खांब दान दिले आणि 'धेनुकाकटचा यवन' अशी स्वतःची ओळख कोरून ठेवली. तेवढ्यावर त्यांचं काम झालं. कोणी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागितल्याचा शिलालेख सापडलेला नाही.

तळमजल्यावरच्या ज्योतिषी काकांनी निघायची वेळ काढून दिली. होरा उत्तम आहे, केंद्रातला गुरू बळकट आहे. होरा आणि केंद्र हे दोन्ही शब्द आपण ग्रीकांकडूनच घेतले, असं मी त्यांना सांगितलं. "म्हणजे मग तिकडे जास्तच लागू पडेल," ते म्हणाले. गंमत म्हणजे तिथल्या बऱ्याच बेटांच्या मुख्य गावालाही 'होरा' म्हणतात. तो शब्द निराळा, अर्थ 'गाव'. आपण पत्ता सांगताना 'गावात राहतो' म्हणतो तसं. इतक्या बेटांना मिळून नावं थोडी आणि सगळ्यांनी ती वाटून घेतलेली. हे माझ्या लक्षात आलं होतं. पुढे काय होणार ते आलं नाही.

बोटीचं तिकीट भाचीने काढलं: पिरेयस ते सिफनोस. खोली एजंटने काढली: अपोलोनिया. सिफनोसचं मुख्य गाव अपोलोनिया, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो.

अथेन्सच्या हॉटेलात रात्री साडेदहाला फोनवर निरोप आला. घरमालकीण बाईंचा. भाषांतर करणाऱ्या अॅपमधून इंग्रजीत आलेला तो निरोप अतिशय प्रेमळ होता: उद्या तुमची बोट लागली की मी अडामासच्या धक्क्यावर नावाची पाटी घेऊन उभी राहीन. मी कौतुकाने तो भाचीला पाठवला. तिचा लगेच फोन आला. "मामा, सिफनोसचं बंदर कामारेस. अडामास मिलोसचं आहे."

मिलोस म्हणजे पुढचं बेट. त्याच बोटीचा पुढचा थांबा. आणि मिलोसच्या ईशान्य टोकालाही एक कोळ्यांचं गाव आहे, ज्याला पोलोनिया म्हणतात आणि अपोलोनियाही म्हणतात. आमची खोली तिथे होती.

भारतात तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तरी मेहुण्याने फोन उचलला, एजंटला जोडून घेतलं, भाची म्युनिकहून आत आली आणि हॉटेलच्या त्या छोट्या खोलीत चार देशांची परिषद भरली असं वाटायला लागलं, खरं तर देश तीनच होते. एजंट शांत होता. त्या रात्री तेवढा एकच माणूस शांत होता. "सर, तुम्ही अपोलोनिया सांगितलं, मी अपोलोनिया दिलं."

"पण बेट?"

"बेट तुम्ही तोंडी सांगितलं होतं."

मेहुणा म्हणाला, मिलोसलाच जा, मिलोस जास्त प्रसिद्ध आहे, ती हात नसलेली व्हीनस तिथलीच. ती 1820 साली मिलोसच्या शेतात सापडली हे खरं, पण आता ती पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. तिचंही बुकिंग दुसरीकडे झालं असावं. बायको इतका वेळ काहीच बोलली नव्हती. आता तिने एवढंच विचारलं, "मिलोसला रविवारी छोले करतात का?" परिषद संपली.

मी मालकीणबाईंना सगळं खरं लिहिलं. आमची चूक, पैसे गेले तरी चालतील, क्षमा करा. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. त्यात दोन ग्रीक शब्द अॅपलाही भाषांतर न करता येता तसेच राहिले होते. 'काळजी नको. सिफनोसला माझा कुंबारोस आहे. त्याच्याकडे दोन खोल्या आहेत. तुमचे पैसे मी त्याला देते. सिगा सिगा.'

'सिगा सिगा' म्हणजे हळूहळू, होईल सावकाश. हा तिथला राष्ट्रीय मंत्र म्हणायला हरकत नाही. कुंबारोस मला कळेना. मी बायकोला म्हटलं, कोणी कुंभार दिसतो. भाचीने खुलासा केला की कुंबारोस म्हणजे लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट तीनदा अदलाबदल करतो तो, आणि पुढे जन्मभर तो घरचाच धरतात. रक्ताचं नातं नाही, पण त्याहून चिवट. म्हणजे ओळख. डोंबिवलीत मेहुण्याच्या ओळखीने जे बिघडलं ते एजियन समुद्रात तिथल्या ओळखीने जुळत होतं.

दुसऱ्या दिवशी वारा बोफोर्ट 6 होता. बोट सुटली. पाच तास, मध्ये किथनोस आणि सेरिफोस. कामारेसला मागचा दरवाजा खाली आला, माणसं, ट्रक, एक बकरी आणि आम्ही उतरलो. धक्क्यावर एक दणकट गृहस्थ पिकअपला टेकून उभे होते. मी विचारलं, "रूम?"

"ने," ते म्हणाले.

बायकोचा चेहरा उतरला. आपल्या कानाला ते 'नै' लागतं. मी घाईने पुन्हा विचारलं, खोली नाही का? तर ते आणखी ठासून म्हणाले, "ने, ने!" आणि आमच्या बॅगा उचलून गाडीत टाकल्या. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आणि नाही म्हणायचं असलं की 'ओही', म्हणजे त्यात आपला 'हो' स्पष्ट ऐकू येतो. शिवाय नकार देताना मान आडवी हलवत नाहीत. भुवया वर, मान किंचित मागे आणि जिभेने एक 'च्च'. आठवडाभर आम्ही नकार मिळाला की आनंदाने आभार मानत होतो.

आणि हो, ते गृहस्थ खरोखरच कुंभार निघाले. सिफनोसची माती आणि तिथले कुंभार पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले आहेत. आर्तेमोनास गावात, वरच्या अंगाला, त्यांचं घर. खाली ओळीने वाळत घातलेली मडकी, वर आमची खोली, पुढे दगडी पायरी, पायरीपुढे थेट समुद्रापर्यंत काहीच नाही.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही. इतकी शांतता होती की कानात डोंबिवली ऐकू येत होती.

जेवणाचं एवढंच सांगतो की पहिल्या दिवशी 'फावा' मागवला आणि समोर पिवळं घट्ट वरण आलं. वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. बायकोने चव घेतली, पुन्हा घेतली, म्हणाली, "हिंग नाही." काकडी-दह्याच्या त्झात्झिकीला तिने दाण्याच्या कुटाशिवायची कोशिंबीर ठरवलं. पण रविवारी ते मातीचं भांडं समोर आलं आणि झाकण निघालं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. रात्रभर शिजलेला हरभरा बोटाने दाबून पाहिला. भांडं उचलून खालून पाहिलं. मग कुंबारोसच्या बायकोकडे बघून मान डोलावली. त्या बाईंनीही डोलावली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि पुढचा तासभर त्या बोलत होत्या. 'आज काय करू' यापासून सुटका म्हणून आलेली बाई 'हे कसं केलं' यात गुंतली. मी तिला ते बोलून दाखवलं नाही. त्याची गरज नव्हती, मला तिथे कोणी काही विचारत नव्हतं.

शांततेचा एक कायदाच आहे तिथे. उन्हाळ्याच्या महिन्यांत दुपारी 3 ते 5:30 आणि रात्री 11 ते सकाळी 7 गोंगाट करायचा नाही. केला तर पोलीस येऊ शकतात. पुण्यात दुपारची झोप ही प्रथा आहे. इथे तिला सरकारचा शिक्का आहे. कुंबारोस आम्हाला घड्याळाकडे बोट दाखवून, गालाखाली हात ठेवून, डोळे मिटून सगळं समजावून गेले होते. त्या वेळेत त्यांचं चाक बंद. गल्लीतली मांजरंसुद्धा पाय ताणून पडलेली. बायको म्हणाली होती, "याला म्हणतात लोक." तो कायदा तिला इतका आवडला की आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ठराव मांडायचा असं तिने ठरवलं.

चौथ्या दिवशी दुपारी पावणेचारला ती पायरीवर बसली होती, मी खाटेवर होतो, आणि मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. भारतात तेव्हा सव्वासहा, म्हणजे ब्रेकर बंद व्हायची वेळ झालेली नव्हती.

"ताई! आहे का शांत?" त्याचा आवाज पांढऱ्या भिंतींवर आपटून गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"अरे, काय सांगू तुला!" बायकोला चार दिवसांनी मराठीत सांगायला कोणीतरी मिळालं होतं. तिने फोन उंच धरून त्याला समुद्र दाखवला, मडकी दाखवली, छोले सुरुवातीपासून सांगायला घेतले. सोडा घालत नाहीत, हे तिने दोनदा ओरडून सांगितलं, कारण पलीकडे ब्रेकर होता.

बाजूच्या घराची निळी खिडकी उघडली. एक आजी बाहेर डोकावल्या. त्यांनी भुवया वर केल्या, मान किंचित मागे नेली आणि जिभेने 'च्च' केलं. मग शेजारची खिडकी उघडली. खालून झोपमोड झालेले कुंबारोस दोन पायऱ्या चढून आले आणि अतिशय नम्रपणे स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दाखवू लागले. मी दोन्ही हात जोडले. बायकोने फोन ओढणीत झाकून धरला आणि आवाज अगदी खाली आणून कुजबुजली, "हो रे, खूप शांत आहे."

"काय?" मेहुणा ओरडला. "ताई, आवाज येत नाहीये तुझा. भाऊजी, तुम्ही घ्या फोन. जरा मोठ्याने बोला!"